बिल्टी हरवलेला माल

तापीकाठच्या शेतात नांगराचा फाळ कशाला तरी अडतो. माती बाजूला सारली की मडक्याचा काठ दिसतो, आणि आत हिरवी पडलेली नाणी. ही बातमी गावात पोहोचली की पहिले प्रश्न ठरलेले असतात. सोनं आहे का? किती आहे? कोणाच्या वाट्याला जाणार? त्याच बांधावर पुरातत्त्वाचा अभ्यासक आला, तर तो मात्र भलतंच विचारू लागतो. मडकं किती खोल होतं? उभं होतं की आडवं? भोवतीची माती काळी होती की राखेसारखी? शेजारी खापरं होती का, आणि ती कुठे टाकली? नाण्यांकडे तो सगळ्यात शेवटी वळतो. धनापेक्षा खड्ड्यात इतका रस का, याचं ऐकणाऱ्याला नवल वाटतं. या कोड्याचं उत्तर हाती आलं, तर जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारकडे द्यावी की घरात ठेवावी, या वादाचंही बरंचसं उत्तर हाती येतं.

भुसावळच्या माणसाला हे उत्तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सापडेल. गोणीबरोबर बिल्टी असते, तोवर तो माल कुठून निघाला, कोणी पाठवला, कोणाकडे जायचा आणि कधी चढवला हे सगळं कळतं. बिल्टी फाटली की उरते नुसती गोणी. आतला माल तोळाभरही कमी झालेला नसतो, पण त्याच्याबद्दल खात्रीनं बोलता येत नाही. जमिनीतल्या वस्तूची बिल्टी कागदावर लिहिलेली नसते. ती वस्तूच्या भोवतालच्या मातीत, खोलीत आणि शेजारच्या खापरांत असते. वस्तू उचलली की त्याच क्षणी ती फाटते, आणि पुन्हा जोडता येत नाही.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीला हा रंग माणसांनी दिला आहे. चुलींची राख, कोसळलेल्या मातीच्या भिंती, चुना, हाडं, शेण आणि कुजलेला कचरा शतकानुशतकं एकाच जागी साचत गेला आणि जमीन फिकट, भुसभुशीत झाली. जुनं घर पडायचं, लोक त्याचीच माती सपाट करून वर नवं उभारायचे. असं होत होत गाव उंच चढत गेलं. नदीकाठच्या कित्येक गावांजवळ दिसणारी टेकाडं अशीच बनली आहेत. खाली जुनं आणि वर नवं. जोवर कोणी ढवळत नाही, तोवर हा क्रम टिकून असतो.

दायमाबादचं टेकाड हे याचं ठळक उदाहरण. प्रवरेच्या काठचं हे ठिकाण १९५८ मध्ये उजेडात आलं आणि पुढची वीसेक वर्षं म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी टप्प्याटप्प्यानं तिथे उत्खनन केलं. एकावर एक रचलेल्या पाच संस्कृतींचे थर त्यांना मिळाले. सगळ्यात तळाशी होती सावळदा संस्कृती. हे नाव खानदेशातलंच आहे. तापीच्या खोऱ्यातल्या सावळदा गावी ज्या प्रकारची रंगीत खापरं ओळखली गेली, त्यांच्यावरून साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची ही सगळी संस्कृती ओळखली जाते. तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, मग माळवा आणि सर्वांत वर जोर्वे संस्कृती. चुलीवरच्या मडक्याचे तुकडे, बाजारात ज्यांना दमडीही मिळणार नाही, त्यांनी एवढं सांगितलं. ते सांगू शकले, कारण कोणता तुकडा कोणत्या थरातला याची नोंद झाली होती. सारी खापरं एका टोपलीत भरून आणली असती, तर त्यांतून पाच संस्कृतींचा क्रम कोणालाही काढता आला नसता.

प्रवरेकाठची चार ब्राँझं

त्याच दायमाबादमध्ये १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल हे शेतकरी झाडाचं खोड खणत होते. त्यांना जमिनीत ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या. एक बैलजोडीचा रथ, त्यात उभा असलेला सारथी, आणि त्याशिवाय हत्ती, गेंडा व रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे. भारतातल्या प्राचीन धातुशिल्पांत या चौकडीचं स्थान फार वरचं. एवढ्या धातूला मोडीच्या बाजारात त्या काळीही चांगला भाव आला असता. तरीही या वस्तू वितळल्या नाहीत, सरकारी ताब्यात आल्या आणि आज देशाचा ठेवा म्हणून जपल्या जातात. जुनी वस्तू शासनाकडे दिल्यानं काय होतं, याचा याहून चांगला पुरावा महाराष्ट्रात शोधावा लागेल.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ही ब्राँझं नेमकी कोणत्या काळातली, यावर अजून एकमत नाही. साळी, राव आणि देशपांडे यांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाकडे बोट दाखवलं. या वस्तूंत आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं, प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे आणि त्या काळातल्या इतर ताम्रवस्तूंत असं मिश्रण मिळत नाही. तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्याही असू शकतील, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचे अभ्यासक मोठे आहेत. वाद मिटत नाही याचं कारण साधं आहे. वस्तू झाडाचं मूळ खणताना निघाल्या, थरांच्या नोंदीसह निघाल्या नाहीत. पाचांपैकी कोणत्या थरात त्या पुरल्या होत्या हे दिसलं असतं, त्याच थरातल्या कोळशाचं किंवा धान्याचं कार्बन कालमापन झालं असतं, तर प्रश्न बराच आवळता आला असता. यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही. तो सरपण काढत होता.

म्हणून ‘वस्तू सरकारजमा करावी का’ हा प्रश्नच मला थोडा अपुरा वाटतो. वस्तू जमा करणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, खरं तर त्याच्या आधीचं, काम म्हणजे जागा जमा करणं: वस्तू जिथे दिसली तिथे ती हलवण्यापूर्वी कळवणं.

एका मडक्याची साक्ष

नाण्यांच्या बाबतीत तर ‘एकत्र असणं’ हाच पुरावा असतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली चिन्हं ठोकलेली. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री सांगते, की आपल्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश संपवला. पण मुलाची थोरवी आईनं गायलेली, त्यावर किती विसंबायचं? जोगळटेंभीच्या साठ्यानं तिच्या शब्दाला बळ दिलं. हरलेल्या राजाची चालू नाणी गोळा करून त्यांच्यावर आपला शिक्का मारणं हे विजेत्याचं काम, आणि दहातल्या सात नाण्यांवर ते झालेलं दिसलं. आता समजा, शोधणाऱ्यांनी ही नाणी वाटून घेतली असती. कोणी वितळवली असती, कोणी बाजारात विकली असती. आज संग्राहकांकडे पुनर्मुद्रित अशी काही नाणी दिसलीही असती, पण दहातली सात हे प्रमाण कायमचं गेलं असतं. एकेकट्या नाण्यात ते नसतंच. ते ढिगात असतं.

आणखी एक साधं तत्त्व आहे. पुरलेलं मडकं कधी पुरलं हे त्यातल्या सर्वांत नव्या नाण्यावरून ठरतं. घरातल्या जुन्या कोटाच्या खिशात पाचपंचवीस तिकिटं निघाली, तर कोट शेवटचा कधी घातला हे सर्वांत अलीकडच्या तिकिटावरून कळतं, तसंच हे. खानदेशात याला फार अर्थ आहे. फारुकी सुलतानांचं राज्य १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतल्यावर संपलं आणि बऱ्हाणपूर मोगलांचं मोठं ठाणं झालं. तिथे टांकसाळही होती. भुसावळ-रावेरच्या पट्ट्यात एखाद्या मडक्यात फारुकींची तांब्याची नाणी आणि त्यांबरोबर अकबराचं १६०१ नंतरचं एकच नाणं निघालं, तर मडकं सत्ताबदलानंतर पुरलं हे निश्चित होतं. धामधुमीत कोणीतरी आपली पुंजी लपवली आणि परत न्यायला तो आला नाही, असा माग लागतो. ते एक नाणं उठून दिसतं, चांगलं दिसतं, म्हणून नेमकं तेच कोणी ‘आठवण’ म्हणून खिशात घातलं, तर उरलेलं मडकं अभ्यासकाला चुकीची तारीख सांगेल. चोरीचा हेतू नसतानाही इतिहास खोटा पडतो तो असा.

चिंच, राख आणि पितांबरी

सापडलेली वस्तू स्वच्छ करणं ही आपली पहिली, अगदी चांगल्या मनानं होणारी चूक. तांब्याच्या नाण्यावर साचलेलं हिरवं पूट आपल्याला मळ वाटतं. ते मळ नसून धातू, हवा आणि ओल यांच्या शेकडो वर्षांच्या संयोगातून बनलेली कातडी असते. बऱ्याचदा राजाचं नाव आणि चिन्हांच्या रेषा त्या कातडीतच टिकून असतात, कारण मूळ पृष्ठभाग तिच्यात मुरलेला असतो. चिंच लावून घासलं की पुटाबरोबर अक्षरंही जातात. नाणी ज्या कापडात बांधली होती त्याची वीणही अशा पुटात उमटून राहिलेली असू शकते. मडकं खळखळून धुतलं की तळाशी चिकटलेले दाणे, तेलाचा अंश, काजळी सगळं मोरीत जातं, आणि त्या मडक्यात काय शिजत होतं किंवा साठवलं होतं हे सांगणारा पुरावा नेमका तोच असतो. माती झटकू नये, एवढं जरी घराघरांत माहीत झालं तरी पुष्कळ वाचेल.

कायदा काय सांगतो

‘सापडलं ते सगळं सरकार नेतं, शेतकऱ्याला काही मिळत नाही’ ही समजूत खोलवर रुजलेली आहे. बहुतेक वस्तू लपवल्या जातात त्या याच भीतीनं. प्रत्यक्षात १८७८ चा निखात निधी कायदा, जो आजही लागू आहे, वेगळं सांगतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर शोधणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय आहे, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कधी सापडलं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतात. शंभर वर्षांच्या आत कोणी ते पुरलं होतं असं सिद्ध झालं नाही, तर निधी बेवारस ठरतो. त्यानंतर दुसरा काही करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. शासनाला तो स्वतःकडे ठेवायचा असेल, तर धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश जादा द्यावी लागते. उलट, जो कळवत नाही त्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच्या जोडीला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, भांडी, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

कायद्यात उणीव नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ‘धातूची किंमत’ हा शब्द १८७८ साली सोन्याचे दागिने डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला असावा. सातवाहनांची पोटीनची नाणी घ्या. तांबं, शिसं, कथील यांच्या त्या मिश्रधातूला भंगारात फारसा भाव नाही. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये अशा नाण्यांचा मोठा साठा निघाला आणि पुराणांच्या यादीत नसलेली सातवाहन राजांची नावं त्यातून प्रथम कळली. इतिहासाला त्याचं मोल अमाप. धातूच्या भावानं मात्र ते ओझंभर भंगार. ज्या नियमानं शोधणाऱ्याला नेमक्या अशाच शोधासाठी काही मिळत नाही, तो बदलायला हवा. इंग्लंडनं १९९६ च्या कायद्यानं वस्तूची बाजारातली किंमत तज्ज्ञ समितीकडून ठरवायला आणि ती शोधणारा व जमीनमालक यांना द्यायला सुरुवात केली. २००९ मध्ये स्टॅफर्डशरला सोन्याचा जो साठा सापडला, त्याचे सुमारे तेहतीस लाख पौंड असे वाटले गेले. शिवाय १९९७ पासून तिथे निधी न ठरणाऱ्या साध्या वस्तूंचीही ऐच्छिक नोंद होते, आणि नोंद झाल्यावर वस्तू मालकाकडेच राहते. त्या नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. लोक वस्तू लपवतात ते स्वभावानं नव्हे, व्यवस्थेच्या भीतीनं, हे यावरून मला पटतं. तरीही तिथले धातुशोधक यंत्र घेऊन रान उकरतात, हा भाग आपण उचलू नये. संरक्षित स्थळी विनापरवाना खणणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा.

चौकट: शेतात किंवा घराच्या पायात काही सापडलं तर

खणणं तिथल्या तिथे थांबवा. वस्तू उचलू नका, घासू नका, मडकं रिकामं करू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा: एक जवळून, एक खड्ड्याच्या भिंतीसह, एक दूरचं झाड किंवा विहीर दिसेल असा. मोबाइलमधली जागेची खूण चालू ठेवा. तलाठी, पोलीस पाटील किंवा तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. वस्तू ताब्यात दिली तर संख्या, वजन आणि वर्णन लिहिलेला पंचनामा मागा. वस्तू नाइलाजानं हलवावी लागलीच, तर खोली वीतहातात का होईना लिहून ठेवा आणि भोवतालची मूठभर माती वेगळ्या पिशवीत राखा.

‘सरकारकडे दिलं की गेलं’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वस्तू कोठारात पडून राहतात, नोंदी अर्धवट असतात, गावाला त्या पुन्हा दिसत नाहीत. मोठमोठ्या संस्थांतही नाश होतो, आणि त्याची एक खूण भुसावळातच आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यात ज्यानं १८४४ पासूनची आपली वर्षं घालवली, तो मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याला भुसावळात पुरलं. त्यानं काढलेल्या बहुतेक प्रतिकृती त्याच्या हयातीतच, १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केलेल्या प्रतिकृतींपैकी कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र वाघूरच्या घळईत, भिंतींवर, अजून आहेत. सुरक्षित म्हणून दूर नेलेलं जळालं आणि जागेवरचं राहिलं.

मग वस्तू घरीच ठेवावी, असा याचा अर्थ होतो का? मला तसं वाटत नाही. घरातली वस्तू एका पिढीपुरती सुरक्षित असते. आजोबांना जागा ठाऊक असते, मुलाला गोष्ट ठाऊक असते, नातवाच्या हाती नुसतं नाणं उरतं. वाटणीत ते फुटतं किंवा मोडीत जातं. कोठारातल्या वस्तूवर निदान हक्क सांगता येतो, माहितीचा अर्ज करता येतो, अभ्यासकाला ती मागता येते. गिलच्या कहाणीतून निघतो तो धडा निराळा: पुरावा एकाच ठिकाणी ठेवू नये. फोटो, पंचनाम्याची प्रत आणि जागेची नोंद शोधणाऱ्याकडे, ग्रामपंचायतीत आणि एखाद्या अभ्यास संस्थेतही असावी. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, पुण्याचं डेक्कन कॉलेज, नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था अशी दारं आपल्याला फार लांब नाहीत.

जमीन जाण्याची भीतीही खरी आहे, पण तिचं माप वेगळं आहे. निखात निधी कायदा वस्तूबद्दल बोलतो, सातबाऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. नाणी निघाली म्हणून शेत आपोआप कोणाचं होत नाही. केंद्राला एखादं स्थळ संरक्षित करायचं झालं तर आधी अधिसूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. तसं संरक्षण झालं मात्र, तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई येते, आणि हा बोजा एकट्या शेतकऱ्यानं का सोसावा, याचं समाधानकारक उत्तर आपल्या व्यवस्थेनं अजून दिलेलं नाही. त्यासाठी भरपाईची मागणी जरूर करावी. पण ती मागणी करायची तर सापडलेलं उघड सांगावं लागतं. लपवलेल्या वस्तूवर भरपाई मागता येत नाही.

गुप्तधनाच्या नादाबद्दल थोडंच लिहितो. पायाळू, मांत्रिक, अमावस्येचं खणणं यांतून जीव गेले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असे अघोरी प्रकार गुन्हा ठरवले आहेत. रात्री चोरून खणलेल्या खड्ड्यातून निघालेल्या वस्तूला बिल्टी कधीच नसते, कारण ती सांगणाऱ्यालाच तोंड लपवायचं असतं.

हौशी माणसाचं काम

या सगळ्याचा अर्थ इतिहास फक्त सरकारी अधिकाऱ्यांनी शोधावा असा कोणी काढू नये. जळगाव जिल्ह्यातला एक फार मोलाचा लेख एका डॉक्टरनं जगापुढे आणला. मुंबईत वैद्यकी करणारे भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या, म्हणजे पाटणादेवीच्या, देवळातला शिलालेख वाचून प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, हे त्यातून कळलं. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कळली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारात येणाऱ्या मालातला कोणता हिस्सा मठाला द्यायचा हे त्यात लिहिलं आहे, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशातल्या एका पेठेतला व्यवहारही कळला. भाऊ दाजींनी जगाला वाचन दिलं, शिळा देवळातच राहू दिली. त्यामुळे पुढे कीलहॉर्नसारख्या पंडिताला तोच लेख पुन्हा तपासून अधिक काटेकोर वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’त छापता आलं, आणि त्या मठासाठी नेमून दिलेला माल कुठल्या गावाच्या बाजारातला, हे कोणाला वेगळं विचारावं लागलं नाही.